पाय टेकतील अशी सीट

पारूबाईनं गाडीची किल्ली ज्वारीच्या कोठीत टाकली, त्याला आता महिना होत आला. कोठी माझ्या छातीइतकी उंच आहे. किल्ली तळाला गेली असणार. मी हात घालून बघितला नाही. एक्काहत्तराव्या वर्षी बायकोला चोरून गाडी चालवायची म्हणजे फार झालं.

घडलं होतं ते एवढंच. वीटभट्टीवरून परत येताना बीड बायपासच्या चौकात लाल दिवा लागला. मी गाडी थांबवली, डावा पाय खाली सोडला, आणि पाय जमिनीला लागायच्या आधीच गाडी कलली. मी रस्त्यावर आडवा आणि राजदूत मोटारसायकल माझ्या मांडीवर. मागचा टेंपोवाला उतरला. त्यानं आधी गाडी उचलली, मग मला उचललं, माझा चष्मा शर्टाला पुसून हातात दिला आणि म्हणाला, "चाचा, अब बस करो. बहोत चला ली."

गुडघा सोलवटला, बाकी काही नाही. पण मुकुंदवाडीत बातमी माझ्याआधी घरी पोचली होती.

"कशानं पडले?" पारूबाईनं हळद लावता लावता विचारलं.

"पाय टेकला नाही."

"का नाय टेकला?"

"सीट उंच आहे."

"सीट काय काल उंच झाली? सेहेचाळीस वर्सं झाली गाडीला. गाडी नाय वाढली, तुमीच कमी झाले." मग तिनं किल्ली उचलली, कोठीचं झाकण काढलं आणि निकाल दिला. "पाय टेकले तर किल्ली. नाय टेकले तर नाय. दोन्ही पाय, टाचेसकट. चवड्यावर उभं राहून दाखवायचं नाय मला."

ह्या अटीत अन्याय काहीच नव्हता, हीच अडचण होती.

झाल्टा फाट्याच्या आत अडीच किलोमीटरवर ती भट्टी आहे. दिवाळीनंतर माणसं येतात, अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला आपापल्या गावी जातात. त्या मधल्या महिन्यांत त्यांच्या लेकरांची शाळा म्हणजे मी. तेवीस लेकरं, एक फळा, एक ताडपत्री. आठवड्यातून चार दिवस मी जायचो. पडल्यापासून शेअर रिक्षानं फाट्यापर्यंत आणि पुढं पायी, असं चाललं होतं. गुडघा ठणकायचा. जायला एक तास, परतायला सव्वा. महिन्याभरात पाच वेळा जाणं झालं. मधल्या खंडात लेकरं 'ट'पर्यंत आलेली पुन्हा 'क'वर गेली. मार्च लागला होता. गाडी नाही तर शाळा नाही, हे मला कळत होतं आणि त्यांनाही कळायला लागलं होतं.

सीट उंच होती, हे मात्र खरं. आणि ती का उंच होती, हे मला बत्तीस वर्षांपासून ठाऊक होतं. निदान मला तसं वाटत होतं.

गाडी मी एकोणऐंशी साली घेतली तेव्हा माझे दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकायचे. माझी उंची बेताची, म्हणूनच ती गाडी पसंत केली होती. पहिल्याच आठवड्यात सीट उलटी करून तिच्या पत्र्यावर मी पांढऱ्या ऑइलपेंटनं 'सांडू' हे नाव आणि तारीख घातली. शाळेत दरवर्षी सामानाची मोजणी व्हायची, खुर्चीपासून घंटेपर्यंत सगळ्याला नंबर. तीच सवय. वर रेक्झिन फाटू नये म्हणून लगेच एक कव्हर शिवून घेतलं.

त्र्याण्णव साली मी वैजापूरला होतो. उन्हाळ्यात प्रशिक्षणासाठी महिनाभर बाहेर जायचं होतं. सीटचा पत्रा गंजला होता, वरचं कव्हर उसवलं होतं. गाडी सुदर्शनच्या गॅरेजात लावून गेलो. परत आलो तर सीट नवी कोरी, हिरवट दिसत होती. बसलो, तर जरा उंच लागली. घरी येऊन उलटी केली. खाली चकचकीत पत्रा, आणि माझं नाव नाही.

सुदर्शन म्हणाला होता, "गुरुजी, तुमचीच सीट हाय. फकस्त नीट केली." मी हसून बरं म्हणालो. तोंडावर काही बोललो नाही. पण दुसऱ्या दिवशी शाळेत चहा पिताना बोललो. सुदर्शननं माझी कंपनीची सीट काढून घेतली आणि कुठल्या तरी भंगाराची लावली. पुढंही सांगत राहिलो. बदली झाली, गाव बदलले, ती गोष्ट माझ्याबरोबर फिरली.

म्हणून कचरूशी माझं वाजलं. कचरू शहागंजच्या मागच्या गल्लीत सीटा शिवतो. साठी ओलांडलेला माणूस, गोणपाटावर मांडी घालून बसलेला, दाताखाली दोरा. मी सीट त्याच्यापुढं ठेवली.

"जयभीम गुरुजी. लई दिवसांनी. काय करायचं हिचं?"

"उंच होते. पाय टेकत नाहीत."

"मंग त्यात काय. वरून दोन इंच कापतो, फोम कमी करतो. चहा पिऊन या, तयार."

"कापायची नाही. ही सीट ह्या गाडीची नाहीच. मला गाडीची खरी सीट पाहिजे. तसली नवी बनवून दे."

"खरी कशी व्हती?"

ते मला सांगता येईना. पुढं जरा खोलगट होती, एवढं आठवत होतं. किती खोलगट, कुठपर्यंत, हाताच्या मापानं दाखवायला गेलो तर दरवेळी वेगळं माप दाखवलं.

"गुरुजी, तुमाला पाय टेकवायचे का खरंखोटं करायचं?" कचरू म्हणाला.

"चुकीचं गणित खोडून खोडून बरोबर येत नसतं, कचरू. पाटी पुसून पहिल्यापासून मांडावं लागतं."

"मंग मांडा तुमी," म्हणून त्यानं सीट भिंतीला टेकवून ठेवली. "सापडली का नमुना आणा. तवर ही पडू द्या इथं."

पारूबाईला हे सांगितलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. "कापू द्यायची व्हती की! तेवीस लेकरं तिकडं अन् तुमचा हट्ट इकडं."

तिचं बरोबर होतं. पण चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त केल्या की माणसाला स्वतःच्या हट्टाला तत्त्व म्हणायची सवय लागते.

नमुन्यासाठी मी विश्वजितकडं गेलो. सिडकोत एन-चारला राहतो, वाळूजला एका कारखान्यात इंजिनिअर आहे. घराच्या मागं पत्र्याची शेड, त्यात सहा जुन्या मोटारसायकली. भला माणूस. चाळिशीचा असेल. त्याच्या आईनं पोहे दिले आणि त्यानं जाडजूड पुस्तकं काढली, ज्यात गाडीचा एकेक नटबोल्ट चित्रात सुटा करून दाखवलेला असतो.

"त्या सुमाराच्या ह्या गाडीला मला तरी तीन तऱ्हेच्या सीटा माहीत आहेत, गुरुजी," तो म्हणाला. "तुमच्या गाडीला नेमकी कुठली होती ते पुस्तकावरून ठरत नाही. जुने फोटो आहेत का?"

फोटो होते. मी घरी येऊन पेटी उघडली. गाडीचे एकूण अकरा फोटो निघाले. पारूबाई नवी साडी नेसून बसलेली. मी बसलेलो. चौदा एप्रिलला विहारासमोर, निळा झेंडा हँडलला बांधून, चार पोरं एकावर एक बसलेली. माझा मेहुणा गॉगल घालून. वर्गातली सातवीची पोरं, एक टाकीवर, तीन सीटवर, एक मागच्या कॅरिअरला उभं. अकराही फोटो मी टेबलावर ओळीनं मांडले आणि भिंग घेऊन बसलो. अकराही फोटोंत सीटवर कुणी ना कुणी बसलेलं होतं. नुसती सीट एकाही फोटोत नव्हती.

"नुसत्या सीटचा फोटो कोण काढतंय?" पारूबाई म्हणाली. "माणसाचा काढत्यात."

विश्वजितनं तरी हार मानली नाही. इंजिनाचा नंबर उतरवून घेतला, चौकटीची मापं घेतली, तीन-चार ठिकाणी फोन केले. मग त्याच्याजवळची एक जुनी सीट गाडीवर ठेवून बघितली. मागचे बोल्ट जमले, पुढचा अडकवायचा आकडा दोन बोटं अलीकडं राहिला. दुसरी सीट त्यानं मित्राकडून मागवली. तिला यायला दहा दिवस लागले. ती नीट बसली, पण मी वर बसलो तर तोच प्रकार. चवडे टेकले, टाचा हवेत.

"ही नंतरच्या सालातली असणार. जाड आहे," विश्वजित म्हणाला. त्याचा आवाजही आता थकलेला होता. "गुरुजी, तुमची मूळ सीट कुठं गेली, काही पत्ता?"

"गेली. चोरीला गेली म्हण."

"कुणी नेली?"

मी नाव सांगितलं. वैजापूरचा सुदर्शन मिस्त्री. इतकी वर्षं सांगून त्या वाक्याला धार अशी राहिली नव्हती, गुळगुळीत झालं होतं. विश्वजितनं मान हलवली. "अशा लोकांमुळंच जुन्या गाड्या पुऱ्या राहत नाहीत," तो म्हणाला. मला बरं वाटलं. तेही आठवतंय.

त्या आठवड्यात मी पुन्हा भट्टीवर गेलो. शेअर रिक्षात पाठीमागं खुराड्यातल्या कोंबडीसारखं बसून, मग मातीतून अडीच किलोमीटर. पोचलो तेव्हा बनियन घामानं भिजलेला होता आणि आज शिकवायचं काय होतं तेच आठवेना. निम्मी लेकरं आईबापांबरोबर विटा थापायला गेली होती. नऊ जण ताडपत्रीवर होते.

म्हणालो, "दिवाळीनंतर मी दिलेल्या अंकलिप्या काढा."

रूपा नावाची आठ वर्षांची एक मुलगी आहे. तिघं भाऊबहीण एकाच अंकलिपीवर शिकतात. मोठ्यानं संपवली की मधलीकडं, मधलीकडून धाकट्याकडं, मग पुन्हा वर. तिनं काढलेलं पुस्तक चांगलं बोटभर जाड होतं. वर कुठल्या तरी खताच्या पिशवीचं कव्हर.

"हे कुठलं पुस्तक आणलंस? मी दिलेलं कुठंय?"

"हेच हाय की, गुरुजी."

"हे नव्हे. मी दिलेलं पातळ होतं. वर हत्ती होता."

"हेच हाय."

"रूपा, खोटं बोलायचं नाही. हरवलं असेल तर हरवलं म्हण. मी मारतो का कधी?"

तिनं माझ्याकडं बघितलं. रडली नाही. तिला फक्त कंटाळा आला असावा. खाली मान घालून ती कव्हर सोडायला लागली. खताच्या पिशवीखाली वर्तमानपत्र निघालं, त्यावर धाकट्याचं नाव. त्याखाली कॅलेंडरचं पान, उलटं घातलेलं, त्यावर तिचं नाव. त्याखाली खाकी कागद, मोठ्या भावाचं नाव. खाकी कागदाखाली हत्ती होता. आतल्या पानावर माझी सही होती.

"एवढी कव्हरं कशाला घातली गं?"

"तुमीच म्हणला व्हता. आतलं काढायचं नाय, फाटलं तर वरून घालायचं. नायतर पुस्तक उघडं पडतं."

म्हणालो होतो. प्रत्येक वर्गाला, दर जूनमध्ये, अडतीस वर्षं म्हणालो होतो.

बाकीची लेकरं हसली. रूपानं पुस्तक परत बांधायला घेतलं. मी ताडपत्रीवर तसाच बसून राहिलो. मला त्र्याण्णव सालचं सुदर्शनचं गॅरेज दिसत होतं, आणि गाडी त्याच्या हातात देताना त्याला बोट दाखवून सांगणारा मी. सुदर्शन, आतलं कंपनीचं काही उघडायचं नाही. जे करायचं ते वरून कर.

तेव्हा त्यानं काय विचारलं होतं तेही आठवलं. "अन् खालचा पत्रा, गुरुजी? सडलाय पार." मी म्हणालो होतो, "तोही काढू नकोस. खालून दुसरा मार."

हे मी विसरलो नव्हतो. मला ते कधी आठवावंसं वाटलं नव्हतं, इतकंच.

त्या दिवशी शिकवणं झालंच नाही. गोष्ट सांगितली एक, तीही अर्धी. परत फाट्यापर्यंत चालत आलो आणि घरी न जाता रिक्षा बदलून थेट शहागंज गाठलं. कचरू दुकान आवरत होता.

"घावला नमुना?" त्यानं विचारलं.

"सीट उघड."

"आता कापायची व्हय? मंग महिनाभर कशाला..."

"कापायची नाही. उघड. वरून एकेक काढ."

त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं. त्यानं सीट मांडीवर घेतली, कडेच्या लोखंडी चुका पकडीनं उपटल्या आणि काळं रेक्झिन सोललं. खाली फोम, फोमखाली कथ्थी रेक्झिन. ते सोललं. खाली पुन्हा फोम, पुन्हा काळं.

"हे तर माझंच काम हाय," कचरू म्हणाला. "ही शिवण माझी. अन् ते कथ्थीबी माझंच असणार. तुमीच म्हणले व्हते, आतलं उघडू नको."

"माहीत आहे."

"गुरुजी, ही सीट हाय का वैजापूरचा कांदा? सोलावं तेवढं कमी."

त्या तिसऱ्या, काळ्या थराखाली हिरवट रेक्झिन होतं. ते सुदर्शननं घातलेलं. ते मी ओळखलं, कारण त्या रंगावरूनही मी म्हणालो होतो की ही आपली सीट नाही. हिरवटाखाली एकोणऐंशी सालचं माझं कव्हर, मेणकापडाचं, कुरकुरीत होऊन तुटणारं. आणि त्याखाली जी निघाली ती पुढं खोलगट होती, मागं जराशी उचललेली, कडेनं पांढरी बारीक पट्टी असलेली. आतला फोम भाकरीच्या पिठासारखा झाला होता. सगळे थर कचरूनं बाजूला एकावर एक रचले आणि बोटं लावली. चार बोटं भरले.

"आता उलटी कर. खालचा पत्रा काढ."

खालच्या पत्र्याला चौदा रिवेट होते. कचरूनं छिन्नी लावली, हातोडी मारली. एक निघायला पाच मिनिटं लागली. "कुणी मारलेत हे? हात हाय का काय!" तो म्हणाला. सातव्या रिवेटला त्यानं घाम पुसला. शेजारच्या वेल्डिंगवाल्याला हाक मारली. दोघांनी मिळून पत्रा उचकटला.

आत जुना पत्रा होता. दोन ठिकाणी आरपार सडलेला. पण मधोमध, पत्र्यानं पत्र्याला झाकल्यामुळं, पांढरा रंग थोडा शिल्लक होता. 'सां' होतं, आणि खाली '७९'. मधली अक्षरं गंजानं खाल्ली होती.

कचरूनं वाचलं आणि माझ्याकडं बघितलं. "मंग ही तुमचीच की."

"माझीच."

"मंग इतके दिवस आपण कुणाची हुडकत व्हतो?"

मी त्याच्या गोणपाटावर बसलो. त्यानं चहा मागवला. चहा पिऊन झाल्यावरही मी बसून होतो, आणि तो बिचारा दुकान बंद करायचं थांबला.

पुढचं काम सोपं होतं. वेल्डिंगवाल्यानं जुन्या पत्र्याच्या मापानं नवा पत्रा ठोकला, तेच बोल्ट, तोच आकडा. कचरूनं जुन्या सीटवरून कागदाचा साचा कापला, खोलगट भाग दाभणानं मोजला, नवा फोम, काळं रेक्झिन, पांढरी पट्टी. चार दिवस लागले. विश्वजित मुद्दाम बघायला आला. त्यानं मोजपट्टी काढली, पुस्तकातल्या तीन चित्रांशी ताडून बघितली आणि तिसऱ्यावर बोट ठेवलं. मग मोबाइल काढून समोरून, बाजूनं, वरून फोटो काढले. सीटवर कुणी बसलेलं नसलेला हा त्या गाडीचा पहिला फोटो.

"त्या माणसाकडंच होती का शेवटी? वैजापूरच्या?" त्यानं विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "माझ्याकडंच होती. मी तुला चुकीचं सांगितलं."

पोरगा सभ्य आहे. मोजपट्टी घडी करून खिशात ठेवली.

संध्याकाळी गल्लीत मी गाडीवर बसलो. पारूबाई हातात लेकरांच्या गृहपाठाची वही घेऊन बाहेर आली. मला वाटलं, वही द्यायला आली. तिनं एक पान फाडलं, खाली वाकली आणि माझ्या डाव्या टाचेखाली सरकवायला बघितलं. सरकलं नाही. मग उजवीकडं गेली. तिथंही सरकलं नाही. कमरेवर हात ठेवून ती उठली, "आई गं" म्हणाली, आणि उंबऱ्यावर बसली.

"टेकले," मी म्हणालो.

"टेकले."

"मग किल्ली?"

"किल्ली हाय माझ्यापाशी. सकाळीच काढली, दोन पायल्या ज्वारी उपसून." पदराची गाठ तिनं दाखवली, सोडली नाही. "पयले सुदर्शनला फोन लावा."

तिला मी सगळं सांगितलं होतं. त्या दिवशी शहागंजवरून आल्यावर लगेच.

"पाय टेकले तर किल्ली, असं ठरलं होतं," मी म्हणालो.

"ठरलं व्हतं. आता हे बी ठरलं. त्याच्या बायकोनं आपल्या पोरीला झबली शिवून दिलती. अन् मी पुढं तिच्याशी बोलले नाय, तुमच्या पायी. बाजारात दिसली तर तोंड फिरवलं. लावा."

वैजापूरच्या आप्पासाहेबांना फोन केला. माझ्याबरोबर शिक्षक होते. सुदर्शनचा नंबर त्यांच्याकडं नव्हता. "मी तर त्याच्याकडं जाणंच सोडलं होतं, तुम्ही सांगितल्यापासून," ते म्हणाले. त्यांनी कुणाला तरी विचारून अर्ध्या तासानं नंबर दिला. तोवर मी गाडीवरच बसून होतो. टाचा जमिनीवर होत्या.

"कोण?" पलीकडचा आवाज म्हातारा होता.

"मी सांडू गुरुजी. वैजापूरला होतो, राजदूतवाला."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "बोला."

"सुदर्शन, ती सीट माझीच होती. ह्या आठवड्यात खालचा पत्रा काढला. आत माझं नाव निघालं. तू बदलली नव्हतीस."

"मला ठावं हाय, मी बदलली नव्हती."

"मी सगळ्यांना उलटं सांगितलं."

"ते बी ठावं हाय. तुमच्या शाळेचे मास्तर लोक एकदमच यायचे बंद झाले. येकाच महिन्यात. मला काय कळत नसंल व्हय, गुरुजी?"

"मग तू मला विचारलं का नाहीस?"

"मी सांगितलं व्हतं की. तुमचीच सीट हाय म्हनून. गुरुजींना दोनदा कोन सांगनार?"

चुकलं म्हणालो. तो शब्द मी हजार वेळा लेकरांच्या वहीत लाल शाईनं लिहिला असेल, तोंडानं म्हणायला जड गेला. आप्पासाहेबांना खरं काय ते सांगतो, बाकी जे हयात आहेत त्यांनाही सांगतो, असं म्हणालो. सुदर्शननं "सांगा" म्हटलं नाही आणि "राहू द्या" असंही म्हटलं नाही.

"काढली कशाला पन आता सीट?" त्यानं विचारलं.

"पाय टेकत नव्हते. पडलो."

"आता टेकत्यात?"

"टेकतात."

"हं." खोकला आला त्याला. मी थांबलो. मला वाटलं, ठेवतो आता. पण तो म्हणाला, "रिवेट कसे निघाले?"

"छिन्नीनं. दोन माणसं लागली. कचरू म्हणाला, कुणी मारलेत हे."

"चौदा व्हते."

"चौदा."

"येकबी ढिला झाला नव्हता?"

"एकही नाही."

"मंग?" सुदर्शन म्हणाला, आणि त्या एका शब्दात त्यानं बत्तीस वर्षं माझ्यापुढं ठेवली. मग फोन बंद झाला. त्यानं ठेवला का रेंज गेली, ते कळलं नाही.

पारूबाईनं पदराची गाठ सोडली. किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. तिला ज्वारीचा भुस्सा लागलेला होता.

"काय म्हणला?"

"रिवेट कसे निघाले, विचारलं."

"विचारणारच," ती म्हणाली. "उद्या भट्टीवर जाताना सावकाश जा."

दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो. बायपासच्या त्याच चौकात लाल दिवा लागला. मी दोन्ही पाय खाली सोडले.